शस्त्र घ्यावे, पण पारखून

आळंदीहून प्रस्थान ठेवलेली माउलींची पालखी चऱ्होली फाट्यावरून दिघीच्या दिशेने पुढे जाते. त्या फाट्यापासून आत वाघेश्वराचे मंदिर, इंद्रायणीचा काठ आणि चऱ्होली बुद्रुक गाव. १९९७ साली हे गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत समाविष्ट झाले आणि नंतरच्या काळात ज्या शिवारात पिके डोलत होती, तेथे मजल्यांवर मजले चढले. जमिनीला सोन्याचा भाव आला. भावाबरोबर वाद आले, वादांबरोबर भय आले आणि भयाबरोबर कमरेला लावायच्या एका वस्तूविषयीचे कुतूहलही आले. लग्नमांडवात चामड्याच्या पाकिटातून डोकावणारी मूठ ही या औद्योगिक पट्ट्यात आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही.

तथापि, घरात परवान्याचे शस्त्र असावे काय, असावे तर विश्वसनीय आणि परवडणारे कोणते, हा प्रश्न केवळ मिरवणाऱ्यांचा नाही. भोसरीत छोटा कारखाना चालवून महिनाअखेरीस पगाराची रोकड घेऊन येणारा उद्योजक, सराफी पेढीचा मालक, दिघीच्या लष्करी परिसराजवळ स्थायिक झालेला निवृत्त सैनिक, नदीकाठच्या वस्तीवर एकाकी राहणारे शेतकरी कुटुंब, या सर्वांच्या घरी तो कधी ना कधी चर्चिला जातो. हा प्रश्न हसण्यावारी नेणे चुकीचे आहे. आणि त्याचे उत्तर केवळ दुकानदाराला विचारणे, हे त्याहून चुकीचे!

प्रथम अधिकाराविषयी. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या राजवटीत आलेल्या शस्त्र कायद्याने हिंदुस्थानी माणसाला निःशस्त्र केले. हा सल इतका खोल होता की, १९३१च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने संमत केलेल्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही समाविष्ट होता. (अहिंसेचे व्रत घेतलेल्या पक्षाच्या ठरावातील हे कलम आज फारसे कोणाला आठवत नाही, ही गोष्ट वेगळी.) स्वतंत्र भारताने १९५९ साली नवा शस्त्र कायदा केला. त्यात परवाना आवश्यक ठेवला; परंतु केवळ अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्या कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असेही चौदाव्या कलमात स्पष्ट लिहिले. परवाना ही श्रीमंतांची मिरासदारी नव्हे, हे मध्यमवर्गीय माणसाने ध्यानी घ्यावे. मात्र त्यासाठी सबळ कारण दाखवावे लागते, आणि ते पटले आहे की नाही हे परवाना अधिकारी ठरवितो. २०१८ साली पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळाल्यापासून चऱ्होलीच्या रहिवाशाचा अर्ज तेथेच जातो.

आता निवडीविषयी. सामान्य नागरिकाला ९ मिलिमीटर किंवा .३८ बोअरचे शस्त्र घेता येत नाही. विदेशी शस्त्रांची नागरिकांसाठीची आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून जवळजवळ बंद आहे. त्यामुळे बाजारात जी जुनी विलायती पिस्तुले फिरतात, त्यांची किंमत गुणांपेक्षा दुर्मीळपणाने ठरते. सूज्ञाने त्या वाटेला जाऊ नये. उरते ते मुख्यतः .३२ बोअरचे भारतीय बनावटीचे शस्त्र. कानपूरच्या आयुध निर्माणीचे .३२ रिव्हॉल्वर हे जुन्या वेब्लीच्या धर्तीवर मधोमध मोडून उघडणारे, ओबडधोबड पण टिकाऊ. त्याच निर्माणीने २०१४ साली सुमारे अर्धा किलो वजनाचे ‘निर्भीक’ आणले. महिलांसाठी म्हणून त्याचा गाजावाजा झाला. किंमत मात्र सव्वा लाखाच्या घरात, म्हणजे नोकरी करणाऱ्या सामान्य स्त्रीच्या आवाक्याबाहेर. २०२१ साली आयुध निर्माणी मंडळाचे सात सरकारी कंपन्यांत रूपांतर झाले. त्यांपैकी कानपूरच्या कंपनीने २०२३ साली ‘प्रबळ’ नावाचे, बाजूने उघडणाऱ्या सिलिंडरचे रिव्हॉल्वर काढले आणि त्याचा पल्ला पन्नास मीटर असल्याचे सांगितले. उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातील संडीला येथे वेब्लीचेही उत्पादन भारतीय भागीदारीत सुरू झाले आहे. ईशापूरचे ‘अशनी’ हे .३२ बोअरचे पिस्तूल आहेच. पर्याय थोडे असले, तरी आज ते आहेत.

पिस्तूल की रिव्हॉल्वर? ज्याचा हात रोज शस्त्रावर नाही, त्याने रिव्हॉल्वरच घ्यावे. कारण साधे आहे. पिस्तुलात एखादे काडतूस फुसके निघाले किंवा रिकामे काडतूस अडकले, तर वरचा सरकता भाग हाताने मागे खेचून ते काढावे लागते. अंधारात, घाबरलेल्या अवस्थेत आणि सरावाअभावी हे जमत नाही. रिव्हॉल्वरमध्ये चाप पुन्हा दाबला की सिलिंडर फिरून पुढचे काडतूस समोर येते. पिस्तूल सपाट असते, काडतुसेही अधिक मावतात, हे खरे. पण त्याला स्वच्छता अधिक लागते, स्प्रिंग आणि मॅगझिन सांभाळावे लागते, आणि मॅगझिन बाहेर काढले तरी एक गोळी नळीच्या तोंडाशी राहू शकते, या विस्मरणाने जगभर कितीतरी घरे उजाड झाली आहेत.

रिव्हॉल्वरही निर्धोक नाही. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायाला त्यांच्या स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरची गोळी लागली. प्रवासाला निघण्यापूर्वी कपाटात ठेवताना ते हातातून सुटले आणि गोळी उडाली, असे सांगण्यात आले. शत्रू नाही, झटापट नाही. कपाट, पहाटेची वेळ आणि भरलेले शस्त्र एवढेच. जुन्या घडणीच्या अनेक रिव्हॉल्वरांत शस्त्र पडताना घोड्यावर आघात झाला, तर खालचे काडतूस उडू शकते. म्हणूनच जुने जाणकार घोड्याखालचे घर रिकामे ठेवीत. ‘विश्वसनीय’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. चाप दाबल्यावर गोळी सुटलीच पाहिजे, हा एक. चाप दाबल्याखेरीज ती कदापि सुटता कामा नये, हा दुसरा. दुकानात चौकशी बहुधा पहिल्याचीच होते, आणि घर मात्र दुसऱ्यावर चालते.

परवडण्याच्या दृष्टीने अनेकजण वापरलेले शस्त्र पाहतात. एका परवानाधारकाने दुसऱ्याला शस्त्र विकण्यास कायद्याची हरकत नाही; पंचेचाळीस दिवस आधी प्रशासनाला लेखी कळवावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीच्या नावावरील शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोन झाली, त्यामुळे तिसरे शस्त्र अनेकांना मोडीत काढावे लागले. अशा वेळी चाकण-भोसरीच्या कामगाराला जे ज्ञान सहज असते, तेच उपयोगी पडते. तो ज्या नजरेने लेथचा स्पिंडल तपासतो, त्या नजरेने सिलिंडर तपासावा. शस्त्र रिकामे असल्याची दोनदा खात्री करून घोडा हळूच मागे घ्यावा. सिलिंडर आपल्या जागी घट्ट बसला पाहिजे, डावी-उजवीकडे डुगडुगता कामा नये. प्रत्येक घरासाठी ही परीक्षा वेगळी घ्यावी, कारण पाच घरे नीट आणि सहावे किंचित तिरपे असा दोष आढळतो, आणि तिरप्या घरातून सुटलेली गोळी नळीच्या कडेला खरवडून जाते. नळीतून उजेडाकडे पाहावे. आतले आटे स्वच्छ दिसावेत, गंजाचे खड्डे नसावेत. इंद्रायणीकाठच्या पावसाळ्यात चामड्याच्या पाकिटात महिनोन्‌महिने ठेवलेले शस्त्र आतून गंजते, हे विसरू नये. घोडा मागे ओढून अंगठ्याने पुढे ढकलावा. चाप न दाबता तो निसटला, तर ते शस्त्र कितीही स्वस्त असो, परत द्यावे. शेवटी अंगावरचा क्रमांक कागदपत्रांशी ताडून पाहावा. खाडाखोड दिसली की व्यवहार तेथेच थांबवावा.

या पट्ट्यात आणखी एक ‘स्वस्त’ वाट आहे, तिचे नाव घेणे भाग आहे. मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यातील उमर्टी हे गाव पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या पोलिसांना नित्याच्या गुन्ह्यांतून परिचित आहे. तेथल्या भट्ट्यांत घडलेली पिस्तुले काही हजारांत मिळतात म्हणून विशी-पंचविशीतील मुले ती घेतात, ‘दहशत’ म्हणून समाजमाध्यमांवर छायाचित्रे टाकतात आणि त्याच छायाचित्रावरून पकडली जातात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याची शिक्षा आणखी कडक झाली आहे. शिवाय ते धातूचे तुकडे कोणत्याही चाचणीतून गेलेले नसतात. ते शत्रूच्या आधी धारकाच्या पंजाचा घात करू शकतात. सुशिक्षित घरातील मुलगा अशा नादाला लागतो, तेव्हा आई-वडिलांना ते सर्वांत शेवटी कळते, ही खेदाची गोष्ट आहे.

परवडण्याचा खरा हिशेब शस्त्र घरी आल्यावर सुरू होतो. .३२ रिव्हॉल्वरची काडतुसे चऱ्होलीपासून फार दूर नसलेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार होतात. पण एका वेळी किती आणि वर्षाला किती बाळगायची, हे परवान्यावर लिहिलेले असते. परिणामी बहुसंख्य परवानाधारक वर्षानुवर्षे एकही गोळी न झाडता जगतात. २०१६ च्या शस्त्र नियमांनी सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण आवश्यक केले, ते योग्यच झाले. परंतु एकदाचे प्रमाणपत्र म्हणजे सराव नव्हे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले, त्यामागे अनेक वर्षांचा नित्य सराव होता. प्रकाश, शांतता आणि स्थिर लक्ष्य असतानाही एवढी साधना लागते. मध्यरात्री जिन्यात उभ्या असलेल्या सावलीवर, वर्षभर न हाताळलेल्या शस्त्राने नेम धरणाऱ्याने स्वतःकडून काय अपेक्षा ठेवावी? आणि पन्नास मीटरच्या पल्ल्याचे काय करावे? चऱ्होलीच्या नव्या गृहसंकुलांत पन्नास मीटरवर समोरच्या इमारतीतील कोणाची तरी बाल्कनी असते.

कायदा या बाबतीत निःसंदिग्ध आहे. जीवितावर किंवा घरावर हल्ला झाला तर प्रतिकाराचा अधिकार १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहे; सूर्यास्त ते सूर्योदयादरम्यानच्या घरफोडीत तो हल्लेखोराचा प्राण घेण्यापर्यंत पोहोचू शकतो. परंतु आवश्यकतेहून अधिक इजा करता येत नाही. पळणाऱ्या चोराच्या पाठीवर गोळी झाडणे हा बचाव नव्हे. जमिनीच्या वादात शस्त्र दाखविणे तर मुळीच नव्हे. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यात, अधिकाऱ्याच्या दालनातच, जमिनीच्या वादातून एका आमदाराने गोळीबार केल्याचा गुन्हा नोंदला गेला. त्यानंतर आठवडाभरात दहिसर परिसरात झालेल्या हत्येत अंगरक्षकाच्या परवान्याचे पिस्तूल वापरले गेल्याचे तपासात पुढे आले. दोन्ही ठिकाणी शस्त्र उत्तम चालले. बिघाड झाला तो माणसात, किंवा शस्त्र कुलूपबंद ठेवण्यात!

ज्या घराचे कारण खरे आहे, रोकड वाहून नेणे किंवा निर्जन वस्तीवरील वास्तव्य, त्याने भारतीय बनावटीचे साधे .३२ रिव्हॉल्वर घ्यावे. त्याबरोबर भिंतीत पक्की बसविलेली पोलादी पेटी घ्यावी, काडतुसे निराळ्या कुलपात ठेवावीत, किल्ली मुलांना ठाऊक नसलेल्या जागी असावी आणि पत्नीला शस्त्र रिकामे करणे शिकवावे. खंडेनवमीला ज्या श्रद्धेने यंत्रांवर हळद-कुंकू वाहिले जाते, त्या श्रद्धेने वर्षभर तेलाचे बोटही फिरवावे. ज्यांचे कारण केवळ ‘शेजाऱ्याकडे आहे’ एवढेच आहे, त्यांनी तो लाखभर रुपया भक्कम दरवाजा, आवारातील दिवे आणि रात्रपाळीचा सावध पहारेकरी यांवर खर्च करावा. आणि मन तरीही द्विधा असेल, तर एखाद्या परवानाधारकाला विचारावे की, निवडणुकीच्या आचारसंहितेत त्याचे रिव्हॉल्वर पोलीस ठाण्यात जमा होते, त्या आठवड्यांत त्याच्या घरी झोप कशी लागते.