सरकारी पत्ता ओळखायचा कसा?

जानेवारी २०२१ मध्ये करोना लसीकरण सुरू होण्याआधीच ‘कोविन’ नावाची बनावट अॅप आली. ती घेऊ नका, त्यांत माहिती भरू नका, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला सांगावे लागले. खरे पोर्टल ‘कोविन डॉट गव्ह डॉट इन’ होते. पण त्यातल्या शेवटच्या दोन शब्दांचे महत्त्व किती जणांना ठाऊक होते?

संकेतस्थळाचे नाव शेवटाकडून वाचायचे असते. पहिल्या तिरक्या रेघेआधी ‘गव्ह डॉट इन’ असेल, तर ते नाव सरकारी यंत्रणेचेच. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र ते इतरांना देत नाही. नुसते ‘डॉट इन’ किंवा ‘डॉट कॉम’ मात्र कोणालाही काहीशे रुपयांत मिळते. ‘कोविन डॉट गव्ह डॉट इन’च्या पुढे कोणी आणखी एक शब्द आणि ‘डॉट कॉम’ जोडले, की तो पत्ता सरकारचा उरत नाही.

हे लोकांना कळावे कसे? क्षयरोग कार्यक्रमाचे ‘निक्षय’ पोर्टलच वर्षानुवर्षे ‘निक्षय डॉट इन’वर चालले. पोर्टल अस्सल, पण सरकारी पत्ता कसाही असू शकतो, हा धडा त्यातून गेलाच.

शिवाय ही नावे कायमची मिळत नाहीत. ती ठरावीक मुदतीसाठी घेऊन पुन्हा पुन्हा नूतनीकरण करावे लागते. एप्रिल २०२१ मध्ये गूगलचे अर्जेंटिनातील नाव एका तरुणाने नेहमीच्या किमतीत रीतसर विकत घेतले होते. गूगलची ही गत, तर बदली झालेल्या अधिकाऱ्याच्या किंवा कंत्राट संपलेल्या ठेकेदाराच्या ईमेलवर नूतनीकरणाची सूचना जात असेल तेव्हा काय होईल? योजना बंद होते, नाव सुटते. दवाखान्याच्या भिंतीवरचा फलक मात्र तसाच राहतो. तो पत्ता टाइप करणारी गरोदर बाई आपला आधार क्रमांक कोणाला देते आहे, हे तिला कळायला मार्ग नाही.

रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’वर यायला सांगितले. पैशाबाबत दाखवलेली ही तत्परता आरोग्याबाबतही हवी. राज्याच्या आरोग्य विभागाने आपल्या सर्व नावांची यादी जाहीर करावी, प्रत्येक नावाची जबाबदारी व्यक्तीऐवजी पदावर टाकावी आणि योजना संपल्यावरही जुने नाव सोडू नये. त्याचे वर्षाचे शुल्क उद्घाटनाच्या एका फ्लेक्सहून फारसे जास्त नसते.