रविवारचा खाडा

"चर्चमध्ये आम्ही आत्म्याच्या शांतीसाठी येतो, ऊसतोड मजुरांची गाऱ्हाणी ऐकायला नाही," असे एका सुशिक्षित गृहस्थांनी पंचांना लेखी कळवले आहे. पत्र हातोहात फिरले, माझ्याकडेही आले. निमित्त एवढेच, की सांगली जिल्ह्यातल्या एका मंडळीत पाळकांनी मध्यस्थीच्या प्रार्थनेत फडातल्या कुटुंबांसाठी आणि कृष्णेच्या पाण्यासाठी देवाला विनवले. दोन मिनिटांची प्रार्थना, आणि त्यावर चार पानांचा निषेध!

गृहस्थांचे म्हणणे असे: उपासनेत स्तुती, पापकबुली, वचन आणि प्रभुभोजन एवढेच असावे. मजुरी, नदी, झाडे हे राजकारण. हे खूळ परदेशातून आले. त्याने मंडळीत फूट पडेल. शिवाय आपण मूठभर, उगाच कुणाच्या डोळ्यांवर का यावे?

परदेशी खुळाचे आधी उरकतो. गरिबांच्या बाजूने बोलणारा बायबलातला संदेष्टा आमोस हा तकोवा गावचा मेंढपाळ. माण-खटावच्या मेंढपाळाला त्याचे बोलणे समजावून सांगायला कुणी लागणार नाही. फुटीचे म्हणाल, तर जी मंडळी दोन मिनिटांच्या प्रार्थनेने फुटते ती आधीच फुटलेली असते. डोळ्यांवर येण्याची भीती मात्र खरी आहे, मी ती हसण्यावारी नेणार नाही. पण भीती वाटते तर तसे सांगावे, तिला सिद्धान्त म्हणू नये.

आता मूळ मुद्दा. रविवार आत्म्याचा, बाकीचे सहा दिवस जगाचे, ही वाटणी गृहस्थांनी कुठून आणली? शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा त्यांना तोंडपाठ असणार. त्या दिवशी तू काम करू नकोस, एवढ्यावर ती थांबत नाही. तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल, तुझे गाढव, तुझ्या वेशीआतला परका या सगळ्यांची नावे तीत घेतलेली आहेत. बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकात तर कारणही दिले आहे: तू स्वतः मिसरात गुलाम होतास, हे विसरू नकोस. म्हणजे आठवड्याच्या ज्या दिवशी आपण उपासनेला जमतो, त्या दिवसाच्या मुळाशीच राबणाऱ्याची विश्रांती आहे. ती काढून टाकली तर मागे उरते ती फक्त इस्त्रीच्या कपड्यांची सकाळ.

आणि आपल्या वेशीआतला परका कोण? दिवाळीच्या आगेमागे बीडकडून, आपल्याच जतकडून येतो आणि उघड्या रानात कोपी घालतो, तो. पहाटे तीन-चारला उठून जोडपे फडात उतरते. ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची, मग कारखान्याच्या आवारात रांगेत बैलांसकट ताटकळायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. मुकादमाची उचल दोघांच्या अंगावर असते. ताप आला, बाई बाळंत झाली, पाळीत पोट दुखले, काहीही असो, दिवस बुडाला की तो खाडा, आणि खाड्याला दंड. विश्रांतीची आज्ञा देणाऱ्या देवाची स्तुती आपण साडेनऊला सुरू करतो, तेव्हा चर्चसमोरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या उसाच्या गाडीवर ज्यांना विश्रांतीचा दंड भरावा लागतो ती माणसे बसलेली असतात. यात आत्म्याचा प्रश्न दिसत नसेल, तर गृहस्थांनी आत्मा म्हणजे काय ते एकदा सांगावे.

जमिनीचेही तेच. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यायला सांगितले आहे, आणि जमीन देवाची, तुम्ही तिच्यावरचे उपरे, असेही बजावले आहे. आपण काय केले? उसावर ऊस, पाटाच्या पाण्यावर पाणी. वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत हजारो एकर रान क्षारपड झाले. उन्हाळ्यात तिथे ढेकळांवर पांढरा थर चढलेला दिसतो, पीक दिसत नाही. आणि त्याच जिल्ह्यात आटपाडी-जतच्या माणसाने पिढ्यान् पिढ्या टँकरची वाट पाहिली. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले तेव्हा आपल्याला केवढा अभिमान वाटला होता! तहानलेल्याला पाणी पाठवणे पुण्य, आणि उपासनेत पाण्याचे नाव घेणे राजकारण?

आमोसाच्या आठव्या अध्यायातले व्यापारी पाहा. शब्बाथ कधी संपतो आणि आपण खोट्या तराजूने धान्य कधी विकतो, याकडे त्यांचा जीव लागलेला. काटामारीची ओरड दर हंगामात ऐकणाऱ्या आपल्या भागाला हे वेगळे समजावायला नको. सातव्या अध्यायात बेथेलचा याजक अमस्या आमोसाला बजावतो, की हे राजाचे मंदिर आहे, तुझे संदेश दुसरीकडे जाऊन सांग. गृहस्थांच्या चार पानांत अमस्याहून नवे मला काही सापडले नाही. नासरेथच्या सभास्थानात येशूने नेहमीच्या शब्बाथाच्याच उपासनेत दीनांची आणि ठेचलेल्यांची सुवार्ता वाचली, आणि त्याचे बोलणे ऐकून लोक त्याला कड्यावरून लोटायला निघाले. तेही आत्म्याच्या शांतीसाठीच आले होते.

हा सूर मला नवा नाही. उपासनेत पेटी-तबला, टाळ आणि अभंग असावेत की नसावेत, यावरही आपल्याकडे पुष्कळ भांडणे झाली. तेव्हाही म्हणे भक्तिभाव बिघडणार होता. आज तीच भजने गृहस्थांसारखे लोकही डोळे मिटून म्हणतात. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी मिशनचा पगार सोडून १९१७ मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही येऊ शकत होते. तेव्हाच्या शिस्तप्रियांनाही ते रुचण्यासारखे नव्हतेच. मिरजेत १८९४ साली मिशनरी डॉ. वानलेस यांचा दवाखाना उभा राहिला, त्याचे गोडवे आपण प्रत्येक वर्धापनदिनी गातो. दवाखान्याला आत्म्याचे काम म्हणायचे, आणि माणूस आजारी का पडतो हे विचारले की राजकारण म्हणायचे, हा न्याय मला कळत नाही.

मग करायचे काय? पाळकांनी दर रविवारी व्याख्यान द्यावे असे मी म्हणत नाही, वचन सोडून आकडे वाचलेले मलाही खपणार नाही. गाळप चालू आहे तोवर मध्यस्थीच्या प्रार्थनेत कोप्यांवरच्या माणसांना जागा असावी. महिन्यातून एका रविवारी दुपारी संडे स्कूलच्या शिक्षकांनी कोपीवरच्या मुलांत जाऊन बसावे, ते त्यांना अक्षरे शिकवायला, धर्म बदलायला नव्हे. मंडळीत ज्यांचा ऊस आहे त्यांनी पाचट पेटवू नये, आणि आपल्या फडातल्या आजारी बाईचा खाडा पडणार नाही असे मुकादमाला तोंडावर सांगावे. याकोबाच्या पत्रातली कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी आपल्याच बांधावर तर नाही ना, हे पाहण्याइतके तरी धैर्य आपल्यात हवे.

हंगामाच्या सणाला वेदीजवळ उसाच्या मोळ्या उभ्या करतात आणि नंतर नारळ-भोपळ्यांबरोबर त्यांचाही लिलाव होतो. गृहस्थ त्यात चढी बोली लावतात, हे मी पाहिले आहे. यंदा त्या लिलावाचे पैसे कोप्यांवरच्या मुलांच्या पाट्या-पुस्तकांना द्यावेत, असा ठराव मी पंचांच्या सभेत मांडणार आहे. गृहस्थांनी त्याला विरोध जरूर करावा, पण समोर उभे राहून करावा.