हलगीला नंबर द्या

कोल्हापुरात हलगी वाजली की कशासाठी वाजतेय हे घरात बसून सांगता येतं. कुस्तीची वेगळी, जोतिबाच्या सासनकाठीची वेगळी, गणपतीच्या मिरवणुकीची वेगळी. पण हीच हलगी कॉम्प्युटरमधून एका स्टुडिओतून दुसऱ्या स्टुडिओत पाठवली की तिकडं काय निघेल याचा भरवसा नाही. कधी खंजिरी निघते, कधी बोंगो, कधी नुसतीच शांतता. राजारामपुरीतल्या एका गल्लीत माझा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. त्याआधी ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवण्यात तरुणपण गेलं. त्यामुळं या घोळाच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. निम्मा घोळ सेटिंगचा असतो, तो सुटतो. उरलेला निम्मा कुठल्याही बटणानं सुटणार नाही, कारण आपल्या चर्मवाद्यांच्या नंबरांचा सर्वमान्य तक्ता कुणी केलेलाच नाही. तो कोल्हापूरकरांनी करावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

आधी हलगी कॉम्प्युटरमधून जाते कशी ते सांगतो. ड्रम रिप्लेसमेंट सॉफ्टवेअर रेकॉर्ड झालेला प्रत्येक ठोका शोधतं आणि त्या जागी आधीच टिपून ठेवलेला चांगला आवाज बसवतं. वाटल्यास त्या ठोक्यांची मिडी फाइलही काढून देतं. मिडी फाइलमध्ये आवाज नसतो. कोणत्या नंबरचा ठोका, कधी आणि किती जोरात, एवढीच नोंद असते. ही कल्पना आजची नाही. रॉजर निकोल्स या अमेरिकन ध्वनितंत्रज्ञानं बनवलेलं 'वेंडेल' नावाचं यंत्र १९८० मध्ये स्टीली डॅन या बँडच्या 'गॉचो' या अल्बममध्ये ड्रमचे ठोके बसवायला वापरलं गेलं. तिकडच्या ड्रमसेटला ही युक्ती शोभते. बास ड्रमला वेगळा माइक, स्नेअरला वेगळा, आणि प्रत्येक ठोका शक्यतो आधीच्यासारखाच यावा ही अपेक्षा.

हलगीचं गणित उलटं. एका हातात जाडसर टिपरू, दुसऱ्यात बारीक लवचिक काडी, आणि दोन्ही एकाच चामड्यावर. टिपराची थाप भरीव, काडीचा आवाज कोरडा आणि टोकदार. शेजारी घुमकं आणि झांजेसारखं कैताळ उभं असतं, ते हलगीच्या माइकमध्ये घुसतंच. मग सॉफ्टवेअर गोंधळतं. संवेदनशीलता वाढवली की कैताळाचे ठोकेही हलगी म्हणून मोजतं. कमी केली की काडी गायब. यावर माझ्याकडं चालणारा उपाय साधा आहे. एकाच ट्रॅकच्या दोन प्रती काढायच्या. एकीतला वरचा आवाज कापून फक्त थाप शोधायची, दुसरीतला खालचा कापून फक्त काडी शोधायची, आणि मग दोन्ही निकाल एकत्र करायचे. कैताळ लांब उभं करता आलं तर त्याहून बरं.

दुसरी तक्रार असते एका ठोक्याचे दोन झाल्याची. थापेचं घुमणं सॉफ्टवेअरला नवा ठोका वाटतं, म्हणून एका ठोक्यानंतर ठरावीक वेळ कान बंद ठेवायची सोय त्यात असते. तिथंही परदेशी डीफॉल्ट आंधळेपणानं ठेवू नये. मिनिटाला १४० मात्रांच्या लयीत एका मात्रेत चार ठोके आले, तर दोन ठोक्यांत फक्त १०७ मिलिसेकंदांचं अंतर उरतं. कान १२० मिलिसेकंद बंद ठेवला तर एकाआड एक ठोका गळतो. तेव्हा आधी लय बघा, मग आकडा ठरवा.

मिडी बाहेर काढताना होणारे घोटाळे तर ठरलेले. फाइल रिकामी निघाली तर सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवून बघा. कित्येक सॉफ्टवेअर गाणं वाजत असतानाच ठोके टिपतात. गाणं पळायला लागलं तर लय तपासा. फाइलमध्ये लयीची नोंदच नसेल तर मिडीच्या नियमानं १२० धरली जाते. तुमचं गाणं ९६ च्या लयीचं आणि चार मिनिटांचं असेल तर ते ३ मिनिटं १२ सेकंदांतच संपतं. कुस्तीच्या हलगीला तर एक लय नसतेच. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये उभारलेल्या खासबाग मैदानात हलगी पैलवानांकडं बघून वाजते. कुस्ती रंगली की चढते, डाव अडला की थबकते. अशा वाजवण्यावर आधी मोजदाद बसवून घ्यावी लागते, नाहीतर मिडीतले ठोके कागदावर भलत्याच मात्रांवर पडतात.

रेकॉर्डिंग ४४,१०० सॅम्पल रेटचं आणि पुढच्या स्टुडिओनं ते ४८,००० समजून उघडलं, तर ते जवळजवळ नऊ टक्के जास्त वेगानं पळतं आणि दीड पट्टी चढतं. हलगीत हे पटकन लक्षात येत नाही; काळी चारला लावलेली ढोलकी असेल तर गाणारी बाई तिथंच थांबते. एवढं सगळं जुळूनही ठोके वाजले नाहीत तर त्यांची लांबी शून्य आहे का ते बघा. काही आवाजपेट्या शून्य लांबीचा ठोका ऐकतच नाहीत.

इथपर्यंतचं कुठलाही जाणकार पोरगा दुपारभरात शिकेल. खरी अडचण पुढं आहे.

जोतिबाच्या एका भक्तिगीतासाठी आमच्या भागातले एक जुने हलगीवाले मामा माझ्याकडं वाजवून गेले. संगीतकार पुण्याचा. त्यानं फोनवर सांगितलं, "घुमकं सी-टू, थाप डी-टू, काडी एफ-शार्प-टू, कैताळ सी-शार्प-थ्री असं पाठवा." तसंच पाठवलं. त्याच्याकडं वाजलं ते असं: घुमक्याच्या जागी टॉम, थापेच्या जागी वरचा टॉम, काडीच्या जागी खंजिरी आणि कैताळाच्या जागी बोंगो. मामांना मी ते ऐकवलं. ते म्हणाले, "साहेब, हे कुठल्या गावच्या जत्रंचं हाय?"

कारण किरकोळ होतं. सुरांची नावं सगळीकडं सारखी असली तरी सप्तकाचा आकडा कुठून मोजायचा यावर कंपन्यांचं एकमत नाही. मधला सी म्हणजे ६० नंबर, हे सगळ्यांना मान्य. पण कुणी त्याला सी-थ्री म्हणतं, कुणी सी-फोर. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सी-टू म्हणजे ३६, माझ्यात ४८. सगळे ठोके बारा घरं वर सरकले. आकडे दुरुस्त करून पुन्हा पाठवले.

पण दुरुस्त झाल्यावर काय वाजलं? बास ड्रम, स्नेअर, बंद हाय-हॅट आणि क्रॅश. म्हणजे फाइल अचूक आणि हलगी तरीही गायब. कारण ते चार नंबर मुळात त्याच वाद्यांचे आहेत. मिडी १९८३ मध्ये आलं. कुठल्या नंबराला कुठलं वाद्य, हे सगळ्यांसाठी एकच असावं म्हणून १९९१ मध्ये 'जनरल मिडी'चा तक्ता ठरला. त्यात तालवाद्यांना ३५ ते ८१ असे ४७ नंबर मिळाले. काउबेल आहे, क्युबाची कोंगा आहे, ब्राझीलची कुइका आहे, शिट्टीसुद्धा आहे, तीही लांब आणि आखूड अशी दोन प्रकारची. सुरांच्या वाद्यांच्या यादीत सतार आणि सनईला जागा मिळाली, जपानच्या तायकोलाही मिळाली. तबला नाही, ढोलकी नाही, संबळ नाही. हलगीचा तर प्रश्नच नव्हता.

म्हणून आज हलगीचे आवाज विकणारा प्रत्येकजण आपल्या मर्जीनं नंबर लावतो. एकाची थाप ३८ वर, दुसऱ्याची ६० वर, तिसऱ्याची आणखी कुठं. एका संचासाठी काढलेली फाइल दुसऱ्यावर वाजत नाही. ऑक्टोपॅडवाल्यांना हे दुखणं जुनं आहे. आठ पॅडांवर कुठं काय ठेवायचं ते प्रत्येकाचं आपलं आपलं असतं. एकाच्या पॅडवर दुसऱ्यानं वाजवायला घेतलं की लावणीत संबळ वाजतो.

सगळ्यांसाठी एकच तक्ता करा म्हटलं की दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला असा, की हलगी नंबरांत आली तर हलगीवाल्याचं काम जाईल. काम गेलंय ते आजच. घाईच्या सीझनमध्ये संगीतकार उचलतो तो संच बऱ्याचदा परदेशात बसून बनवलेला असतो, आणि त्यात कोंगाच हलगी म्हणून खपते. खरी हलगी नीट टिपली, वाजवणाऱ्याचं नाव लावलं आणि त्याला रीतसर मानधन दिलं, तर निदान त्याच्या हाताचं मोल होईल.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: नंबरात वाद्याचा जीव मावत नाही. हे खरंय. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिलं होतं, की शाई लावलेल्या आपल्या चर्मवाद्यांतून सुरेल, एकमेकांशी जुळणारे स्वर निघतात. साध्या ताणलेल्या कातड्यातून ते निघत नाहीत. म्हणजे ढोलकीचा ठोका बदलताना पट्टीही जुळवायलाच हवी. धुमेवर, म्हणजे ढोलकीच्या खर्जाच्या तोंडावर, हात दाबून काढलेला घुमारा सरकत जातो. रिप्लेसमेंट सॉफ्टवेअर त्याला एक नंबर आणि १ ते १२७ मधला एक जोर देऊन मोकळं होतं. २०२० मध्ये आलेल्या मिडी २.० मध्ये जोराच्या पायऱ्या हजारोंनी वाढल्या, प्रत्येक ठोक्याचा सूर वेगळा सरकवायची सोय झाली. पण हात तो हातच. म्हणून माझ्या स्टुडिओचा नियम असा, की बदललेला आवाज मूळ वाजवण्याच्या खाली आधाराला ठेवायचा, त्याच्या जागी नाही. माइक खराब लागला, एखादी थाप फाटली, तर दुरुस्तीपुरतं सॉफ्टवेअर. वाजवणाऱ्याला न बोलावण्याची सबब म्हणून नको.

पण नंबरात सगळं मावत नाही म्हणून नंबरच नको, हेही पटणारं नाही. नोटेशनमध्येही गाणं मावत नाही. तरी भातखंड्यांनी ते लिहून ठेवलं आणि पुढच्या पिढ्यांचं भलं झालं.

तक्ता करायला फार काही लागत नाही. जनरल मिडीच्या पुढच्या आवृत्तीनं, १९९९ मध्ये, नेहमीच्या ताल-संचात २७ ते ८७ एवढे नंबर व्यापले. ८८ ते १२७ या ४० जागा त्या संचात मोकळ्या आहेत. हलगीची थाप, काडी आणि कडेचा ठोका, घुमकं, कैताळ, संबळाचे दोन आवाज, धनगरी ढोलाचे दोन, शाहिराचा डफ, ढोलकीचे मुख्य बोल, एवढं त्यात आरामात बसतं. शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे. कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात रेकॉर्डिस्ट आहेत. वाजवणारे तर पेठापेठांत आहेत. विभागानं सगळ्यांना एका टेबलाशी बसवावं, कुठल्या ठोक्याला कुठला नंबर ते वादकांच्या तोंडून ठरवावं, आणि एका पानाचा तक्ता फुकट जाहीर करावा. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात स्वतः सिनेमाचा कॅमेरा घडवला, त्या गावाला एक पान जड नाही.

तोवर माझ्या व्यवसायातल्या मंडळींना एवढीच विनंती: मिडी पाठवाल तेव्हा सोबत मूळ वाजवण्याची फाइल द्या, लय आणि सॅम्पल रेट लिहा, आणि ठोक्यांची चिठ्ठी जोडा. त्या चिठ्ठीवर सुरांची नावं नकोत, नंबर लिहा. आणि वाजवणाऱ्याचं नाव सगळ्यात वर.