‘मोकळी जमीन’ म्हणजे काय? : शाश्वततेचे माप आणि मराठीतली चर्चा

ब्रुंटलँड आयोगाचा अहवाल १९८७ साली प्रसिद्ध झाला आणि ‘सस्टेनेबल डेव्हलपमेंट’ ही संज्ञा जगभर रुळली. मराठीने तिच्यासाठी ‘शाश्वत विकास’ हा जोडशब्द स्वीकारला. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली मान्य केलेली सतरा उद्दिष्टे आणि त्यांखालची १६९ लक्ष्ये आज शासकीय मराठीत ‘शाश्वत विकास ध्येये’ म्हणून ओळखली जातात. हा शब्द निवडताना आपण काय पत्करले, याचा विचार मात्र फारसा झालेला दिसत नाही. वर्गात ‘शाश्वत’ या शब्दाचा विरुद्धार्थी शब्द विचारला, तर विद्यार्थी चटकन ‘नश्वर’ किंवा ‘क्षणभंगुर’ म्हणतात. शब्द अध्यात्माच्या प्रांतातून आला आहे. जे शाश्वत ते कायमचे. त्यात कमीजास्त नसते, म्हणून त्याचे मापही नसते. याउलट ‘टिकाऊ’ हा बाजारातला, विशेषतः कापडबाजारातला शब्द. कापड टिकाऊ आहे की नाही हे पोत पाहून, हाताने चाचपून, किती धुण्यांत विरते ते बघून ठरते. टिकाऊपणा मोजता येतो, त्यावर घासाघीस करता येते, दुकानदाराशी भांडताही येते.

ज्या गिरणगावाने निम्म्या देशाला टिकाऊ कापड नेसवले, त्याच गिरणगावात शाश्वततेच्या मोजमापाचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा वाद झाला, हा केवळ योगायोग असेल. पण साहित्याच्या अभ्यासकाने त्याकडे दुर्लक्ष करू नये. कारण तो वाद अखेरीस एका शब्दाच्या अर्थावर येऊन ठेपला होता. मोजमाप हे अभियंत्यांचे काम आणि अर्थ लावणे हे आपले, अशी वाटणी आपण सोयीने करून ठेवली आहे. गिरण्यांच्या जमिनींचे प्रकरण ही वाटणी खोटी ठरवते. मोजण्याआधी काय मोजायचे आणि कुठून कुठपर्यंत मोजायचे हे ठरवावे लागते. ते ठरते भाषेत, आणि बहुधा लोकांना न कळणाऱ्या भाषेत.

आधी प्रकरणाची रूपरेषा. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप औपचारिकपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या मात्र एकेक करून निमाल्या. उरली ती जमीन. परळ, लालबाग, दादर, वरळी, भायखळा या पट्ट्यात पन्नासहून अधिक गिरण्यांची मिळून सुमारे सहाशे एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ क्रमांकाच्या नियमाने तिची विभागणी ठरवून दिली. स्थूलमानाने एक तृतीयांश महापालिकेला उद्याने, मैदाने व सार्वजनिक सोयींसाठी, एक तृतीयांश म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेली मालकाला. पुढे १९९६ साली चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचा अभ्यास केला आणि या जमिनींचा सुटासुटा विचार न करता त्या एकत्र करून नियोजन करावे, असे सुचवले. तुकडे जोडले तर सलग उद्यान, रुंद रस्ते, स्थानकाबाहेर मोकळी जागा मिळू शकते, हे त्यामागचे साधे तत्त्व होते. ते कागदावरच राहिले.

२००१ साली नियम ५८ बदलण्यात आला. तृतीयांशाचे तत्त्व शब्दशः तसेच राहिले. बदलले ते एवढेच, की विभागणी आता गिरणीच्या संपूर्ण जमिनीची न होता तिच्यातल्या ‘मोकळ्या जमिनीची’ व्हायची होती. बांधकाम पाडल्यावर जी जमीन मोकळी होईल, ती या हिशेबात धरायची नाही.

गिरणीची रचना ज्याला ठाऊक आहे, त्याला यातली मेख लगेच कळेल. साच्यांच्या हादऱ्यांमुळे साचेखाते बहुधा तळमजल्यावरच असे. करवतीच्या दात्यांसारखी छपरे असलेल्या, उत्तरेचा उजेड आत घेणाऱ्या या शेड आवाराचा मोठा भाग व्यापून बसत. म्हणजे गिरणीची जमीन जवळजवळ झाकलेलीच. समजा, दहा एकरांच्या गिरणीत साडेआठ एकरांवर बांधकाम आहे. जुन्या नियमाने या आकाराच्या गिरणीतून महापालिकेला ३३ टक्के, म्हणजे ३.३ एकर, आणि म्हाडाला २७ टक्के, म्हणजे २.७ एकर मिळाले असते. नव्या नियमाने हीच टक्केवारी दीड एकराला लावायची : महापालिकेला अर्धा एकर, म्हाडाला त्याहूनही कमी. टक्केवारी तीच, गणित अचूक. फक्त ‘कशाचे टक्के’ हे बदलले. सव्वातीन एकरांच्या उद्यानाचा अर्धा एकर होतो तो एका विशेषणामुळे.

बाँबे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेने याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. ऑक्टोबर २००५ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला, की ‘मोकळी जमीन’ या शब्दांत बांधकाम पाडल्यावर मोकळी होणारी जमीनही येते. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि २००१ चा नियम वैध ठरवला. देशातल्या दोन ज्येष्ठ न्यायपीठांनी एकाच शब्दप्रयोगाचे दोन अर्थ लावले. त्यांतला कोणता अर्थ टिकला, यावर लक्षावधी माणसांच्या वाट्याला येणारी हवा, सावली आणि निवारा ठरला. शब्दार्थाचे एवढे मोल सांगणारे दुसरे उदाहरण माझ्या अध्यापनात मला सापडलेले नाही.

दुसरी बाजूही नीट मांडली पाहिजे. १९९१ च्या नियमाखाली फारच थोडे मालक पुनर्विकासाला पुढे आले होते; जमीन हातची जाणार म्हटल्यावर ते गिरणी कुलूपबंद ठेवणे पसंत करत. जमीन विकल्याशिवाय आजारी गिरण्यांना पैसा मिळणार नव्हता आणि त्याशिवाय कामगारांची थकलेली देणी भागणार नव्हती. हा युक्तिवाद पोकळ नव्हता. २००५ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या पाच गिरण्या विकल्या गेल्या. त्यांत दादरच्या कोहिनूर क्रमांक ३ ला ४२१ कोटी आणि लोअर परळच्या मुंबई टेक्स्टाइलला ७०२ कोटी रुपये आले. तसेच गिरणीच्या भूतकाळाला सोनेरी मुलामा देण्याचेही कारण नाही. त्या धुराड्यांचा धूर आणि फुप्फुसांत साचणारी कापसाची पूड यांना कोणी पर्यावरणस्नेही म्हणणार नाही. प्रश्न गिरणी राहावी की जावी, हा नव्हता. गिरणी गेल्यावर जे शिल्लक राहते त्याचा हिशेब कोणत्या मापाने करायचा, हा होता.

आज त्या जागांवर उभ्या असलेल्या उंच इमारतींकडे पाहिले म्हणजे हा मापाचा प्रश्न पुन्हा समोर येतो. इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल २००१ मध्ये स्थापन झाली. ‘गृह’ ही भारतीय मानांकनपद्धती २००७ पासून राष्ट्रीय म्हणून स्वीकारली गेली. वीज किती वाचली, सांडपाणी किती पुन्हा वापरले, काच कोणती लावली, यांना गुण मिळतात आणि इमारत ‘हरित’ ठरते. ही बचत खरी असते, तिची टर उडवण्यात अर्थ नाही. पण या मोजणीचा भर कुंपणाच्या आतल्या गोष्टींवर असतो. त्या इमारतीत रोज कामाला येणारी माणसे कोणत्या स्थानकात उतरतात आणि किती रुंदीच्या पुलावरून चालतात, हे तिथे मोजले जात नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे मृत्युमुखी पडली. गिरण्यांच्या जागी कार्यालये आली, गर्दी वाढली, पूल तोच राहिला.

पावसाचेही तसेच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्याच दिवशी कुलाब्यात सुमारे ७३. दोन्ही नोंदी खऱ्या. कुठे उभे राहून मोजले, यावर मुंबईचे दोन वेगळे दिवस दिसतात. शहराची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेली होती आणि हिंदमातासारखा सखल भाग दर पावसाळ्यात तिची मर्यादा दाखवत आला आहे. अलीकडे महापालिकेने त्या परिसरातले पाणी साठवण्यासाठी दादरच्या प्रमोद महाजन कला उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली भूमिगत टाक्या बांधल्या. त्या कामी येतात, हे चांगलेच. पण टाक्यांना जागा मिळाली ती ही दोन मैदाने शिल्लक होती म्हणून. सहाशे एकरांच्या तिसऱ्या हिश्श्यात अशी किती मैदाने मावली असती, हा हिशेब कोणत्याही प्रकल्पाच्या ताळेबंदात मांडलेला नसतो.

घरांचा हिशेब त्याहून बोलका आहे. गिरणी कामगारांसाठी २०१२ साली पहिली मोठी सोडत निघाली ती ६,९२५ घरांची. अर्जदार होते दीड लाखाच्या घरात. उरलेल्यांना शेलू-वांगणीला घरे देण्याचे घाटू लागले, तेव्हा २०२५ च्या जुलैमध्ये आझाद मैदानावर ‘घर मुंबईतच हवे’ ही मागणी घेऊन कामगार व त्यांचे वारस जमले. लालबागच्या माणसाचे घर कर्जतच्या वाटेवर गेले, तर त्याच्या पुढच्या पिढीचा रोजचा दोन-दोन तासांचा प्रवास शाश्वततेच्या कोणत्या रकान्यात भरायचा? हरित इमारतीच्या रकान्यात तो येत नाही. माणसाच्या आयुष्यात मात्र येतो.

अशा वेळी आपल्या क्षेत्रातून एक ठरलेली प्रतिक्रिया उमटते : आकड्यांत माणूस हरवतो, आम्हांला संवेदना महत्त्वाची. ही भूमिका दिसते उदात्त, पण ती मैदान सोडून देणारी आहे. आकडा नाकारला, की तो ज्याच्या हाती आहे त्याच्याच हाती राहतो. गिरणगावाविषयी मराठीत मोलाचे लेखन झाले. नारायण सुर्व्यांची कविता आहे, जयंत पवारांचे १९९७ चे ‘अधांतर’ आहे, मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी कामगारांच्या मुलाखतींतून उभा केलेला मौखिक इतिहास आहे. आपण हे सारे अभ्यासक्रमात ‘संवेदनशील चित्रण’ या सदराखाली शिकवतो. ते पुरावा म्हणूनही वाचता येते, हे सांगत नाही. चाळीच्या दहा बाय दहाच्या खोलीत किती जण पाळीपाळीने झोपत, मुले कोणत्या मैदानात खेळत, पाणी किती वाजता येई, या तपशिलांतून एका वस्तीच्या टिकण्याचे निकष हाती येतात. ते निकष कोणत्याही मानांकनाच्या तक्त्यात नाहीत.

दुसरे काम भाषेचे, आणि ते अधिक निकडीचे आहे. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेचा मसुदा २०२० साली आला, तो हिंदी-इंग्रजीत. हरकती मात्र साऱ्या देशाकडून मागवल्या होत्या. ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले, की मसुदा आठव्या अनुसूचीतील भाषांत द्या. त्याआधी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा पश्चिम घाटाविषयीचा अहवाल २०११ मध्ये सादर झाला होता. तो लोकांसमोर यायला २०१२ उजाडले, तेही केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर. कोकणातल्या ग्रामसभेने ज्यावर मत द्यायचे, तो मजकूर तिला वाचताच येत नसेल तर ‘जनसुनावणी’ हा शब्द केवळ शिष्टाचारापुरता उरतो. आणि चर्चा झाली तर फरक पडतो, हेही आपण पाहिले आहे. मुंबईच्या विकास आराखड्याचा पहिला मसुदा २०१५ साली नागरिकांच्या टीकेनंतर शासनाला मागे घ्यावा लागला. लोकांनी नकाशे वाचले, आपली गल्ली शोधली, चुका दाखवल्या. तज्ज्ञांचे माप नागरिकांनी तपासले.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याआधी २०२२ साली स्थानिक प्राधिकरणांच्या कारभारात मराठी अनिवार्य करणारा कायदाही झाला. भाषेचे अभिजातपण हालाच्या गाथांवरून सिद्ध करता येते. तिचे जिवंतपण मात्र त्या भाषेत चटईक्षेत्र निर्देशांकावर वाद घालता येतो की नाही, यावरून ठरते. ‘चटईक्षेत्र’ हा शब्द तरी किती सुंदर आहे! चटई अंथरण्यापुरती जागा, ही मूळ कल्पना ऐकताच कुणालाही कळेल. असे शब्द आपल्याकडे आहेत, पण ते नियमावलीत पडून आहेत.

म्हणून माझी सूचना साधी आहे. पदव्युत्तर वर्गात उपयोजित मराठीच्या तासाला जाहिरात आणि वृत्तलेखन आपण शिकवतोच. त्याच तासाला एखादी विकास नियमावली, एखादा पर्यावरण अहवाल, एखादा न्यायनिर्णय वाचायला घ्यावा. विद्यार्थ्यांना विचारावे : इथे ‘मोकळी’ म्हणजे काय? ‘सार्वजनिक’ कोणासाठी? जिमखान्याचे मैदान दरडोई मोकळ्या जागेत धरले आहे का? टक्केवारी कशाची आहे? ‘शाश्वत’ म्हटले आहे ते कोणासाठी आणि किती वर्षे? कवितेतल्या अनेकार्थतेपाशी आपण तासन्‌तास थांबतो, ते योग्यच आहे. नियमातली अनेकार्थता माणसांना घराबाहेर काढू शकते, तिच्यापाशीही थोडे थांबले पाहिजे.

‘शाश्वत’ हा शब्द आता बदलता येणार नाही, तो रुळला आहे. पण तो उच्चारताना मनात ‘टिकाऊ’चा अर्थ धरणे आपल्या हाती आहे. टिकाऊ म्हणून खपवलेले कापड गिऱ्हाईक हातात घेऊन, ताणून, उजेडात धरून पाहते आणि पटले नाही तर दुकानातच हुज्जत घालते. शाश्वत म्हणून सांगितल्या जाणाऱ्या विकासाबाबत नागरिकाला तेवढी तरी मुभा हवी, आणि ती त्याच्या भाषेत हवी.