प्रोग्रॅम चालला, पण मांडणीचे काय?

आपल्या वस्त्यांतील कितीतरी मुले-मुली आज बीसीए किंवा डिप्लोमा करून संगणकाच्या नोकरीसाठी मुलाखती देत आहेत. घरातून या क्षेत्रात जाणारी ही पहिलीच पिढी, त्यामुळे विचारायला वडीलधारे कोणी नसते. क्लासवाले प्रोग्रॅम चालवून दाखवायला शिकवतात. मांडणी तपासायला मात्र क्वचितच शिकवतात, आणि मुलाखतीत पुष्कळदा प्रश्न येतो तो त्यावरच.

पगारपत्रकाचे उदाहरण घेऊ. सरकारी नोकरांचा महागाई भत्ता बहुधा वर्षातून दोनदा वाढतो. त्याचा हिशेब एकाच जागी लिहिला असेल तर तेवढी जागा बदलली की काम झाले. तोच हिशेब पगार, थकबाकी, निवृत्तिवेतन अशा तीन जागी लिहिला असेल तर एखादी जागा बदलायची राहून जाते आणि एखाद्या शिपायाची थकबाकी कमी निघते. ‘संगणकाने चूक केली’ म्हणून आपण मोकळे होतो. बिचाऱ्या संगणकाचा त्यात काय दोष?

ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीत माहिती आणि तिच्यावरची कामे एकत्र बांधतात, त्याला ‘क्लास’ म्हणतात. ही मांडणी मोजण्यासाठी श्याम चिदंबर व ख्रिस केमेरर यांनी १९९४ साली सहा मापे मांडली. त्यांतील दोन पक्की समजली तरी पुष्कळ आहे. पहिले माप : एक क्लास इतर किती क्लासशी जोडलेला आहे? जोडण्या जितक्या जास्त, तितका एका बदलाचा धक्का दूरवर पोचतो. दुसरे : क्लासमधील कामे एकच माहिती वापरतात काय? भत्ता काढणे, रजा मोजणे, पत्र छापणे हे सारे एकाच क्लासमध्ये कोंबले असेल, तर तो फोडावा. फोडताना छोटी पावले टाकावीत आणि प्रत्येक पावलानंतर उत्तर पूर्वीचेच येते ना, ते तपासावे. मार्टिन फाउलर यांनी १९९९ च्या ‘रिफॅक्टरिंग’ या पुस्तकात हीच रीत सांगितली आहे.

आकडा सुंदर दिसावा म्हणून एका क्लासचे वीस तुकडे करणारेही असतात. मग तुकड्यांच्या आपसातल्या जोडण्या वाढतात आणि पहिले माप बिघडते. दोन्ही मापे एकदम पाहावीत.

मुलाखतीपूर्वी आपलाच कॉलेजचा प्रोजेक्ट काढा. कागदावर क्लासची नावे लिहा आणि कोण कोणावर अवलंबून आहे त्याचे बाण ओढा. बाणांची सर्वांत जास्त गर्दी जिथे, तिथून दुरुस्तीला लागा. घरी संगणक नसला तरी एवढे काम पेन्सिलीने होते.