बांधावरचा आंबा आणि घरोघरचें लोणचें

वैशाख लागला म्हणजे खेडोपाडीं शाळांस सुट्टी पडते, माहेरवाशिणी येतात आणि नोकरीनिमित्त शहरांत गेलेलीं बिऱ्हाडें चार दिवस गांवाकडे परततात. याच सुमारास बांधावरच्या रायवळ कैऱ्यांत कोय धरलेली असते. लोणचें घालण्याची वेळ ती हीच. मृग लागण्यापूर्वीं, म्हणजे जूनच्या ७ तारखेच्या आंत, हें काम उरकलें नाहीं तर हवेंत दमटपणा येतो. मग फोडी सुकत नाहींत आणि बरण्याही कोरड्या राहत नाहींत.

शेतकऱ्यांच्या मासिकांत लोणच्यास जागा कशाला, असें कोणी विचारील. परंतु आमच्या मतें हा प्रश्न स्वयंपाकघराचा जितका आहे तितकाच बांधाचाही आहे. गांवांतील चारसहा घरांनीं एकत्र बसून लोणचें, मुरांबा व मसाले करण्याची रीत जेथें जेथें मोडत चालली आहे, तेथें तेथें रायवळ आंब्याचें झाडही जाऊं लागलें आहे. या दोन गोष्टींचा संबंध काय, तो आम्ही सांगूं इच्छितों.

रायवळ म्हणजे कोयीपासून वाढलेला, कलम न केलेला आंबा. यांत प्रत्येक झाडाची चव, वास आणि आंबटपणा निराळा. म्हणूनच लोक झाडागणिक शेंदऱ्या, खोबऱ्या, शेप्या अशीं नांवें ठेवीत आले. हापूस वा केशर यांस पेटीचा भाव मिळतो. रायवळास बाजारांत विचारतो कोण? वळवाच्या वाऱ्यानें पडलेली कैरी व्यापारी मागेल त्या दरानें जाते, नाहीं तर झाडाखालींच कुजते. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां वाटपाचे आणि बांधाचे पुष्कळ कज्जे आमच्या हाताखालून गेले. त्यांत आंब्याचें झाड वारंवार येई. जोंवर भावाभावांच्या घरीं त्या झाडाचें फळ लागत असे, तोंवर कोणी त्याच्या सावलीची तक्रार करीत नसे. फळाची गरज संपली कीं सावलीनें पीक खुंटतें, मुळ्यांनीं नांगर अडतो, हें सर्वांस एकदम दिसूं लागे, आणि अर्ज येई.

आतां कायद्यानें झाडास कांहींच आधार नाहीं असें नव्हे. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ याच्या अनुसूचींत आंब्याचें नांव आहे. स्वतःच्या मालकीचें झाड असलें तरी परवानगीवांचून तें तोडतां येत नाहीं. २०२१ सालापासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणींत बांधावरच्या झाडांची नोंद शेतकऱ्यास स्वतः करतां येते, आणि ती त्यानें अवश्य करावी. परंतु कायदा तोडण्यास अडथळा करूं शकतो. झाड राखावेंसें वाटणें हें मालकाच्या गरजेवर अवलंबून असतें. ती गरज लोणच्याची बरणी निर्माण करते.

शिवाय लोणच्यास रायवळच उत्तम. हिचा गर घट्ट व दोरेदार असून आंबटपणा पुष्कळ. त्यामुळें फोड वर्षभर करकरीत राहते. कलमी कैरीची फोड लवकर मऊ पडते. दहा किलो फोडींस पावणेदोन ते दोन किलो मीठ, एक किलो मोहरीची डाळ, पाऊण किलो तिखट, दोनशे ग्रॅम हळद, दीडशे ग्रॅम तळून कुटलेली मेथी, शंभर ग्रॅमपर्यंत हिंग आणि सुमारें तीन लिटर तेल, हें साधारण प्रमाण होय. तिखट ज्यानें त्यानें कमीजास्त करावें, मिठांत मात्र काटकसर करूं नये. मीठ फोडींतील पाणी बाहेर ओढतें; त्या खारट-आंबट रसांत नासविणारे जंतू वाढूं शकत नाहींत. बुरशीस हवा लागते. म्हणून तेल फोडींच्या वर बोटभर उभें असावें. तेल कडकडीत तापवून पूर्ण निवल्यावरच घालावें, नाहीं तर फोडी शिजतात. बरणी चिनी मातीची वा काचेची, धुऊन उन्हांत वाळविलेली व हिंगाची धुरी दिलेली असावी, आणि तोंडास दादरा घट्ट बांधावा. तांब्यापितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यांत कैरी क्षणभरही ठेवूं नये. मुरांब्यांत मिठाचें काम साखर करते. तेथेंही पाक कच्चा राहिला तर माल नासतो.

हें सर्व एकट्या गृहिणीनें करावयाचें म्हटलें तर दोनतीन दिवस कंबर मोडते. चारसहा घरें मिळून केलें तर तेंच काम एका दिवसांत होतें. यांतील खरी खुबी वाटणींत आहे. ज्याच्या बांधावर झाड आहे त्यानें कैरी आणावी. ज्याच्याकडे झाड नाहीं त्यानें तेल, मीठ वा मोहरी आणावी. ज्या घरीं तेंही शक्य नाहीं त्यानें श्रम द्यावे. कोणीं काय आणलें तें वहींत लिहावें, पण बरण्या भरतांना माप सर्वांस सारखेंच असावें. भूमिहीन शेजारणीच्या घरीं बरणी रिकामी राहणार असेल, तर या मेळ्यास सहकार म्हणतां येणार नाहीं.

यावर कित्येक सुशिक्षितांचा आक्षेप असा कीं, तयार लोणचें दुकानांत मिळत असतां बायकांस या रगाड्यांत कां ओढावें? हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. आजवर या कामांत पुरुषांनीं केवळ चव पाहिली आहे. आमचें सांगणें असें कीं, कैऱ्या उतरविणें, अडकित्त्यानें कोयीसकट फोडी करणें, मोहरी दळून आणणें आणि बरण्या उचलणें हीं कामें पुरुषांनीं व सुट्टीला आलेल्या तरुण मुलांनीं करावीं. तसें होत नसेल तर बायांनीं या कामास नकार द्यावा. आम्ही त्यांसच योग्य म्हणूं.

दुसरा आक्षेप वैद्यांचा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसास दिवसाला पांच ग्रॅमहून कमी मीठ सांगते. तेव्हां लोणचें हें तोंडीं लावणें आहे, भाजी नव्हे, ही जुनी मर्यादा पाळलीच पाहिजे. रक्तदाब असलेल्यांनीं तर विशेषेंकरून पाळावी. एक फोड एका जेवणास पुरते.

तिसरी गोष्ट विक्रीची. १९५९ सालीं मुंबईंत गिरगांवांत सात स्त्रियांनीं ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला, आणि त्यांतून लिज्जत ही मोठी संस्था उभी राहिली. हें उदाहरण ऐकून आपणही लेबल छापावें असें अनेकांस वाटतें. वाटूं द्यावें, परंतु अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ याप्रमाणें घरगुती विक्रेत्यासही नोंदणी करावी लागते, आणि गिऱ्हाइकास दर खेपेस तीच चव व तीच शुद्धता द्यावी लागते. म्हणून पहिलीं दोनतीन वर्षें घरापुरतें करावें, प्रमाण वहींत लिहावें, कोणती बरणी कां बिघडली तें शोधावें, आणि मगच शिलकी माल विकावा. आणि विकल्यास पैसा बायांच्या नांवच्या खात्यांत जमा व्हावा.

आमच्या सभासदांस सूचना एवढीच कीं, येत्या वैशाखांत प्रत्येक गांवच्या शाखेनें एक दिवस मुक्रर करावा. शाखेनें तराजू, अडकित्ते व मोठीं पातेलीं पुरवावीं, तेलमोहरी घाऊक दरानें आणावी आणि कोणत्या झाडाची कैरी वर्षभर टिकली याची नोंद ठेवावी. ज्या झाडाची फोड उत्तम ठरेल त्याच्या कोयी त्याच पावसाळ्यांत रुजत घालाव्या, अगर त्याच्या काड्या घेऊन कलमें बांधावीं. असें दहा वर्षें चाललें तर गांवास आपल्या आंब्यांची एक यादी मिळेल, आणि पुढच्या वाटणीच्या वेळीं त्या झाडांवर कुऱ्हाड घालण्यापूर्वीं भाऊ थोडा विचार करतील.