वेड घेऊन पेडगावला, पण कोणत्या पेडगावला?

विषय वंशावळीचा आहे, आणि आपल्या परभणी जिल्ह्याचा आहे.

सप्टेंबर 2023मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात घराघरात एकच शोध सुरू झाला: पणजोबाचा कागद. खासरा पत्रक, पहाणी पत्रक, गाव नमुना 14, शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा. पुढं 2 सप्टेंबर 2025 ला हैदराबाद गॅझेटियरचा शासन निर्णय आला आणि शोधाला आणखी जोर चढला. आरक्षण कुणाला मिळावं, कुणाला नाही, यावर इथं बोलत नाही. त्यावर बोलणारे भरपूर आहेत. मला बोलायचंय ते त्या कागदावरच्या गावाच्या नावाबद्दल.

हा शोध फक्त मराठा-कुणबी घरांचा आहे असंही कुणी समजू नये. अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींना 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 आणि ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 या तारखांना आपलं घर कुठं होतं ते दाखवावं लागतं. बाकीचे आत्ता ज्या रांगेत आलेत, त्या रांगेत ही माणसं कित्येक वर्षांपासून उभी आहेत. आणि या सगळ्यांची गाडी बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडते. माणसाचं नाव माहीत असतं, गावही माहीत असतं, पण कागदावरचं गाव आणि आपल्या तोंडातलं गाव जुळत नाही.

का जुळत नाही, ते एकेक करून बघू.

पहिलं म्हणजे गाव जागेवरच राहतं, पण तालुका आणि जिल्हा बदलतात. आज आपल्या जिल्ह्यात नऊ तालुके आहेत: परभणी, गंगाखेड, जिंतूर, पाथरी, सेलू, मानवत, पूर्णा, पालम, सोनपेठ. आजोबांच्या कागदावर हे नऊ शोधू नका. मानवत तेव्हा पाथरी तालुक्यात होतं. परतूर 1 मे 1981 ला नव्या जालना जिल्ह्यात गेलं. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव, औंढा हे सगळं 1 मे 1999 ला हिंगोली जिल्हा होऊन वेगळं झालं. औंढ्याचा नागनाथ आणि संत नामदेवांची नर्सी जुन्या पुस्तकांत ‘जिल्हा परभणी’ म्हणूनच सापडतात, आणि ती पुस्तकं चुकलेली नाहीत. त्याच्या आधी 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाचं राज्य, मग हैदराबाद राज्य, 1 नोव्हेंबर 1956 पासून द्वैभाषिक मुंबई राज्य आणि 1 मे 1960 पासून महाराष्ट्र. म्हणजे 1940 साली औंढ्यात जन्मलेल्या बाईनं घराचा उंबरा ओलांडला नाही, तरी साठीच्या आत तिनं चार राज्यं आणि दोन जिल्हे बघितले.

दुसरी अडचण लिपीची. निजामी दप्तर आधी फारसीत आणि नंतर उर्दूत. उर्दूत आपला ळ नाही आणि ण नाही. त्यामुळं पिंगळीचं पिंगली होतं, दैठण्याचं दैठना, आणि खुद्द परभणीचं परभनी. ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिलेच जात नाहीत. ब, प, त, न यांच्यातला फरक शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये निव्वळ नुक्त्यांचा असतो. घाईत लिहिणाऱ्या कारकुनानं नुक्ते गाळले की बोरी वाचायची की तोरी, हे वाचणाऱ्याच्या नशिबावर. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेदच पाळत नाहीत. वर साल फसली. त्यात 590 मिळवले की इसवी सन येतो, साधारण वर्षभराच्या फरकानं. कागदावर 1340 दिसलं तर तो यादवांच्या काळाच्या आसपासचा समजून उड्या मारू नका, ते 1930-31 आहे.

मग इंग्रजी आली. सेलूचं कुठं Selu तर कुठं Sailu, असं स्पेलिंग फिरतं, म्हणजे मराठीत वाचलं तर एकदा सेलू आणि एकदा सैलू. वसमतचं तर मराठीतच वसमत, बसमत आणि वसमतनगर चालतं.

तिसरी अडचण सारख्या नावांची. ‘वेड घेऊन पेडगावला जाणे’ ही म्हण आपण सगळे वापरतो. त्या म्हणीतलं पेडगाव श्रीगोंदा तालुक्यातलं. पण परभणी तालुक्यातही पेडगाव आहे, त्याला रेल्वे स्टेशनसुद्धा आहे. सेलू आपल्याकडं आहे तसं वर्धा जिल्ह्यातही आहे. पाथरी फुलंब्री तालुक्यातही आहे. नुसतं ‘पालम’ लिहून नकाशात शोधलंत तर दिल्लीचं विमानतळ पुढं यायचं. पिंपळगाव, वडगाव, बोरगाव यांची तर मोजदाद नको. त्यात एकाच नावाची दोन गावं शेजारी-शेजारी, एक बुद्रुक आणि एक खुर्द. कागदावर त्याचं बु. आणि खु. होतं, आणि टाइप करणारा ते टिंबासकट गाळून टाकतो. एका अक्षराच्या फरकानं नोंद शेजारच्या गावात जाऊन पडते.

आता संगणकाकडं येतो. हल्ली बरीच तरुण पोरं घराण्याची वंशावळ संगणकात भरतायत. पुण्या-मुंबईत, अमेरिकेत गेलेलीही. फार चांगलं काम आहे. पण बहुतेक जण गावाचं नाव एका ओळीत ठोकून देतात: ‘झरी, परभणी’. काकानं भरलं ‘झरी ता. जि. परभणी’. आत्तेभावानं इंग्रजीत भरलं. संगणकाच्या लेखी ही तीन वेगळी गावं झाली. झरीत जन्मलेली घरातली सगळी माणसं दाखव म्हटलं की तो तिसरा हिस्सा दाखवतो आणि गप्प बसतो. आपल्याला वाटतं, बाकीच्यांची नोंदच नाही.

उपाय अवघड नाही. ग्रॅम्प्स नावाचं मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. त्यात गाव ही माणसासारखीच स्वतंत्र नोंद असते. एका गावाला अनेक नावं देता येतात, प्रत्येक नावाला भाषा आणि काळ देता येतो. शिवाय हे गाव अमुक तारखेपर्यंत या जिल्ह्यात आणि नंतर त्या जिल्ह्यात, असंही सांगता येतं. औंढ्याला एकदा ‘30 एप्रिल 1999 पर्यंत परभणी, पुढं हिंगोली’ एवढं सांगून ठेवलं की 1940चा जन्म परभणी जिल्ह्यात दिसतो आणि 2005चा हिंगोलीत. गाव मात्र एकच राहतं. दुसरं कुठलं सॉफ्टवेअर वापरत असाल तर निदान तीन गोष्टी करा. कागदावर नाव जसं लिहिलंय तसंच उतरवा, सुधारू नका. त्याच्याशेजारी आजचं गाव-तालुका-जिल्हा लिहा. आणि 2011च्या जनगणनेत त्या महसुली गावाला मिळालेला सहा अंकी क्रमांक लिहा. पिंपळगाव शेकडो असतील, पण त्या क्रमांकाचं एकच.

तीर्थक्षेत्रीचे उपाध्याय हे फार आधीपासून ओळखून होते. त्र्यंबकेश्वराला किंवा नाशिकला गेलात की ते तुम्हाला आधी गाव आणि आडनाव विचारतात, मग वही काढतात. त्या वह्या पिढ्यानपिढ्या टिकल्या आणि आजही त्यातून पणजोबाचं नाव निघतं, कारण त्यांची मांडणी गावावर आहे. आपण संगणक आणला आणि मांडणी मोडली.

आता माझं खरं म्हणणं. घरातल्यांनी काळजी घ्यावी हे ठीक, पण मुख्य जबाबदारी सरकारची आहे. सापडलेल्या नोंदी स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकल्या गेल्या, याचं स्वागतच. पण स्कॅन म्हणजे फोटो. त्यात शोधता येत नाही. पानं उलटत बसायची, आणि तीही आजच्या तालुक्याच्या फोल्डरमध्ये. ज्याला माहितीय की आपलं गाव आधी दुसऱ्या तालुक्यात होतं, तो दोन ठिकाणी बघतो. ज्याला माहीत नाही, तो ‘नोंद आढळत नाही’ म्हणून परत जातो. वकील लावण्याची ऐपत असलेल्याला कागद सापडतो, मजुरी बुडवून तालुक्याला आलेल्याला सापडत नाही. हा भेद कायद्यानं केलेला नाही. तो धड यादी नसल्यानं होतो.

म्हणून मागणी एकच: जिल्ह्याची एक गावयादी करा. प्रत्येक महसुली गावापुढं आजचं नाव, जनगणनेचा क्रमांक, कोणत्या वर्षी कोणता तालुका आणि जिल्हा, उर्दू दप्तरातलं लेखन, मोडीतलं लेखन, इंग्रजी स्पेलिंगं, बुद्रुक-खुर्द. धरणात गेलेल्या गावांचं जुनं गावठाण आणि नवं गावठाण. येलदरी आपल्याच जिंतूर तालुक्यात आहे, पाण्याखाली गेलेलं गाव कागदावर अजून जुन्याच जागी असतं. आणि वाड्या, वस्त्या, तांडेही घ्या. बंजारा समाजाचा तांडा नाईकाच्या नावानं ओळखला जातो. नाईक बदलला की नाव बदलतं, आणि महसुली दर्जा नसेल तर त्याला क्रमांकही नसतो. सगळ्यात जास्त फरफट त्यांचीच होते.

कुणी म्हणेल, सरकारला दुसरी कामं नाहीत का? आहेत. पण या कामाला नवा विभाग लागत नाही. आजच्या गावांची माहिती तलाठी सज्जात आहे, फेरबदलांच्या अधिसूचना राजपत्रात आहेत. आपली महाविद्यालयं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी जोडलेली आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात पोरं रस्ते झाडतातच, एका गटानं एका गावाची जुनी नावं म्हाताऱ्यांकडून लिहून आणली तर काय बिघडेल? आणि उर्दू वाचायला माणसं हैदराबादहून आणायची गरज नाही. परभणीत उर्दू शाळा आहेत, निवृत्त उर्दू शिक्षक आहेत. निजामी कागदातली मराठी घराण्याची नोंद वाचायला शेजारच्या मोहल्ल्यातला मास्तर लागतो, हे एकदा सगळ्यांनी बघितलं तर जिल्ह्याचं भलंच होईल.

आता नामांतराचा मुद्दा, थोडा नाजूक आहे. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं. ज्यांना आनंद झाला त्यांचा आनंद मला मान्य. पण आजोबांच्या 1932च्या दाखल्यावर ‘औरंगाबाद’ असेल तर वंशावळीत ते तसंच राहू द्या. सगळीकडं एका झटक्यात जुनं काढून नवं घातलं तर उद्या तो दाखला शोधायचा कशानं? पाटी बदलण्याचा हक्क आजच्या पिढीला आहे, पण कागद त्या काळाचा आहे.

याचं अजून अवघड उदाहरण म्हणजे वस्त्यांची जातिवाचक नावं. ती हटवायचा निर्णय राज्य सरकारनं डिसेंबर 2020मध्ये घेतला. शंभर टक्के योग्य निर्णय. ती नावं अपमानाचीच होती, ती पाटीवर, पत्त्यावर, आधार कार्डावर राहता कामा नयेत. पण त्याच वस्तीतल्या पोराला जातपडताळणीत आजोबांचं 1950चं घर दाखवायचं असतं, तेव्हा जुन्या रजिस्टरात वस्ती जुन्याच नावानं असते. भीमनगर आणि ते जुनं नाव एकच जागा आहे, हे सांगणारी ओळ सरकारच्या यादीत नसेल, तर ते सिद्ध करायचं ओझं पुन्हा त्याच पोराच्या डोक्यावर येतं. नाव व्यवहारातून जाऊ द्या, शोधयादीतून जाऊ देऊ नका.

आणि शेवटचं, बायांबद्दल. आपल्याकडं सासरी आलेल्या बाईला तिच्या माहेरच्या गावावरून ओळखतात: झरीची, बोरीची, जिंतूरवाली. तिचं पाळण्यातलं नाव लग्नात बदललं, आडनाव बदललं, टिकलं ते तेवढं गाव. पण वंशावळीत बहुतेक ठिकाणी तिच्यापुढं नवऱ्याचंच गाव भरलेलं असतं, किंवा रकाना कोराच. पणजीचं माहेर गेलं की तिच्या बाजूचं अख्खं घराणं गेलं. ते पुन्हा सापडायचं असेल तर त्या एका गावाच्या नावावरूनच सापडेल.

तेव्हा सरकार यादी करेल तेव्हा करेल. या दिवाळीत घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसा. आजीचं माहेर कोणतं, तेव्हा तालुका कोणता, बाजाराला कुठं जायचे, गावाला आधी काय म्हणायचे, एवढं विचारा. सांगतील तसंच लिहा, त्यांच्याच उच्चारात. ती माणसं आणखी फार दिवस सांगायला नसतील, आणि त्यांच्या तोंडातलं गाव कुठल्याच दप्तरात सापडणार नाही.